पाइपचा डेटाच नाही, मग ड्रेनेजचं मॉडेल चालवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम शहराचं पावसाळी गटारांचं मॉडेल स्वममध्ये (SWMM, गटारातून पाणी कसं वाहतं त्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर) बांधायचंय, जीआयएसमधून (संगणकावरच्या नकाशातून) साधारण १८०० पाइप मिळालेत, त्यातल्या ४० टक्क्यांना डाया (व्यास) नाही, निम्म्याहून जास्त मॅनहोलना इन्व्हर्ट (आतल्या तळाची लेव्हल) नाही, सर्व्हेला पैसे नाहीत आणि रिपोर्ट दोन महिन्यांत हवाय. तर सगळीकडे ४५० मिमी आणि १:२०० उतार भरून रन दिला तर चालेल का?

चालेल. म्हणजे रन चालेल, एरर येणार नाही, रंगीत नकाशा पण मस्त निघेल. मी स्वतः हे केलंय, वीसेक वर्षांपूर्वी, अगदी हाच ४५० चा आकडा. मॉडेल म्हणालं अमुक चौकात पाणी तुंबतच नाही, आम्ही तसं लिहून दिलं, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच चौकात लोकांच्या गुडघ्याएवढं पाणी. नंतर झाकण काढून बघितलं तर आत ९ इंची स्टोनवेअरची लाइन, म्हणजे २३० मिमी, ती पण अर्धी गाळाने भरलेली. तेव्हा साहेबांनी मला विचारलं की हा ४५० तुम्ही आणला कुठून, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण फाइलमध्ये मोजलेला ४५० आणि मी मनाने भरलेला ४५० शेजारी शेजारी बसले होते, दोघांचा चेहरा एकच. त्या दिवसापासून एक सवय लागली, ती पुढे सांगतो.

आधी हे बघा की कुठली चूक किती महाग पडते, कारण सगळ्या रिकाम्या जागा सारख्या नसतात. मॅनिंगच्या सूत्रात भरून वाहणाऱ्या गोल पाइपची क्षमता डायाच्या ८/३ घाताने वाढते, उताराच्या वर्गमुळाने वाढते आणि एन च्या, म्हणजे पाइपच्या खडबडीतपणाच्या आकड्याच्या, व्यस्त प्रमाणात. ३०० मिमीचा पाइप, उतार १:२००, एन ०.०१३ धरला तर सेकंदाला साधारण ६८ लिटर वाहून नेतो, तोच ४५० चा केला की २०० च्या वर जातो, म्हणजे डायामध्ये एकच ‘मोठी साइज’ चुकली की क्षमता जवळजवळ तिप्पट. उतार १:४०० च्या ऐवजी १:२०० धरला तर फरक ४० टक्क्यांचा. आणि एन ०.०१३ की ०.०१५ यावर लोक मीटिंगमध्ये अर्धा तास भांडतात, त्याचा फरक १३ टक्के. त्यामुळे एन साठी झोप घालवू नका, काँक्रीटला ०.०१३ च्या आसपास ठेवा, जुन्या विटांच्या बांधकामाला थोडा जास्त ठेवा आणि पुढे चला.

पण डायाच्याही आधी एक गोष्ट येते, जोडणी. कुठला पाइप कुठल्या मॅनहोलमधून कुठे जातो. हे चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही मॉडेल खोटं बोलतं, कारण एका पेठेचं पाणी भलत्याच नाल्यात जातं. जीआयएसच्या रेषा बऱ्याचदा कुणीतरी जुन्या ब्ल्यूप्रिंटवरून काढलेल्या असतात, दोन रेषा चौकात एकमेकींना छेदतात पण तिथे नोड, म्हणजे दोघींचा जोड, आहे की एक दुसरीच्या खालून जातेय हे ड्रॉइंगवर कळत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस फक्त एवढंच करा, प्रत्येक आउटफॉलपासून, म्हणजे पाइप नाल्यात सुटतो त्या तोंडापासून, उलटं वर चढत जा, कुठले पाइप कुठेच पोचत नाहीत, कुठे गोल फिरून परत येतात, कुठे एकाच मॅनहोलमधून दोन पाइप बाहेर पडतात हे वेगळं काढा. आणि ती यादी घेऊन ऑफिसातल्या इंजिनिअरकडे जायच्या आधी वॉर्डातल्या मुकादमाकडे जा. खरंच सांगतो, ज्या माणसाने पंधरा पावसाळे त्याच लाइनवर काढलेत त्याला माहीत असतं की शाळेमागची लाइन पुढे नाल्याला जात नाही, मंडईकडे वळते.

आता कागद. डेटा नाही असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तो शेपफाइलमध्ये (जीआयएसच्या फाइलमध्ये) नसतो एवढंच, पैसे कुणीतरी कुणालातरी दिलेले असतात आणि पैसे दिले की नोंद असते. एमबी मागवा, म्हणजे मेजरमेंट बुक, झालेल्या कामाच्या मोजमापाची वही. लाइन टाकली तेव्हाच्या एमबीत किती डायाचा, कुठल्या क्लासचा पाइप किती रनिंग मीटर टाकला हे लिहिलेलं असतंच, कारण त्यावर बिल निघालंय. टेंडरचं ‘शेड्यूल बी’ (कामाच्या बाबींची यादी) मिळालं तरी चालेल, पण ते ठरवलेलं काम, एमबी म्हणजे मोजलेलं काम, दोन्हीत फरक पडतो. त्यात अजून एक गंमत असते जी नवीन मुलं बघतच नाहीत, खोदाई. खोदाईचं बिल खोलीच्या टप्प्यांनी निघतं, पहिला दीड मीटर एक दर, दीड ते तीन दुसरा दर. म्हणजे एका गल्लीच्या कामात दीड मीटरच्या पुढची खोदाई शून्य असेल तर त्या गल्लीत कुठल्याच मॅनहोलची खोली दोन मीटर असू शकत नाही, तुमच्या इंटरपोलेशनने (दोन माहीत आकड्यांवरून मधला काढण्याने) काही का सांगेना. आणि एकूण लांबी पण बांधून मिळते. समजा एमबीत ३०० चा ८२० मीटर आणि ४५० चा ३४० मीटर आहे, जीआयएसमध्ये त्या कामाची लाइन भरते ११६० मीटर, तर कुठला तुकडा कुठल्या डायाचा हे माहीत नसलं तरी किती मीटर काय हे पक्कं आहे, ४५० खालच्या बाजूला असणार हे गृहीत धरून जोडायला घेतलं की कोडं बऱ्यापैकी सुटतं.

जुन्या ड्रॉइंगचे तीन सापळे आहेत. पहिला इंच-फुटांचा. मेट्रिक पद्धत यायच्या आधीच्या, म्हणजे साधारण १९६० च्या आधीच्या नकाशात डाया इंचात आणि लेव्हल फुटात असतात, डेटा एंट्री करणाऱ्याने ९ चा ९०० केलेला मी बघितलाय, आणि गल्ली इतकी अरुंद की ९०० चा पाइप आडवा ठेवला तर माणूस जाणार नाही. दुसरा डेटमचा, म्हणजे लेव्हल जिथून मोजतात त्या शून्याचा. मुंबईत जुन्या लेव्हल टाउन हॉल डेटमवर असतात, त्यात आणि समुद्रसपाटीच्या लेव्हलमध्ये वीस मीटरहून जास्त फरक पडतो, अर्धे नोड एकावर आणि अर्धे दुसऱ्यावर असले की मॉडेलमध्ये कडा तयार होतो, तो निदान डोळ्यांना दिसतो तरी. डीजीपीएसची (सॅटेलाइटवरून मोजणाऱ्या यंत्राची) उंची पण तशीच घ्यायची नाही, ती एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरची असते, आपल्याकडे जिऑइडचा, म्हणजे समुद्रसपाटीशी, फरक साठ-सत्तर मीटरचा पडतो, तो न लावता फाइल देणारे महाभाग अजून आहेत. छोट्या शहरात एखादी लोकल बेंचमार्क (लेव्हलची खूण), शाळेच्या पायरीवर १०० धरून केलेलं लेव्हलिंग, असले प्रकार असतात आणि तिथे चूक दीड-दोन मीटरची असली तर कळतच नाही, तोच खरा धोका.

तिसरा सापळा रस्त्याचा. जुन्या ड्रॉइंगवर मॅनहोलची खोली १.८ मीटर लिहिलीय म्हणून आजच्या ड्रोन सर्व्हेच्या जमिनीच्या लेव्हलमधून १.८ वजा केलं, तर चुकलं. मधल्या तीस वर्षांत त्या रस्त्यावर थरावर थर डांबर पडलंय, पाच-सहा वेळा झाकणं वर उचललीत, घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेलेत. रस्ता ३०-४० सेंटिमीटर वर आलेला असतो, पाइप मात्र जागेवरच असतो. ड्रॉइंगमधली खोली वापरायची नाही, ड्रॉइंगमधली इन्व्हर्ट लेव्हल वापरायची, बेंचमार्क जुळवून. आणि सॅटेलाइटच्या फुकटच्या डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या नकाशावरून) इन्व्हर्ट काढायला तर जाऊच नका. ३० मीटरच्या दोन मॅनहोलमध्ये १:२०० उताराला पडतो फक्त १५ सेंटिमीटर, आणि त्या डीईएमची चूक असते मीटरमध्ये. पाणलोटाच्या सीमा काढायला ठीक आहे, पाइपला नाही.

आता लेव्हलचा अंदाज प्रत्यक्ष कसा घ्यायचा ते एका लाइनवर दाखवतो, कारण इथेच सगळे सरळ रेषेत इंटरपोलेट करून मोकळे होतात. चार मॅनहोल, अ ब क ड. अ ची इन्व्हर्ट ५५२.४०, ड ची ५५१.३५, मधली दोन माहीत नाहीत. अंतरं २८, ३१ आणि २६ मीटर, म्हणजे ८५ मीटरमध्ये १.०५ मीटर पडतो, उतार १:८१, छान वाटतं. ब ची इन्व्हर्ट आली ५५२.०५, क ची ५५१.६७. स्वम खूश, वॉर्निंग नाही. पण जमीन बघा. ब ला जमीन ५५३.६०, खोली दीड मीटर, ठीक. क ला जमीन ५५२.४५, खोली आली फक्त ७८ सेंटिमीटर, आणि लाइन ४५० ची. म्हणजे पाइपच्या डोक्यावर माती जेमतेम ३० सेंटिमीटर, वरून कचऱ्याचा डंपर जातो. हा पाइप पहिल्याच वर्षी फुटला असता. बरं, क खाली ओढू म्हटलं, मीटरभर कव्हर द्यायचं तर क ची इन्व्हर्ट ५५०.९५ च्या आसपास न्यावी लागते आणि ती ड च्या खाली जाते. म्हणजे गणितच सांगतंय की जे तुम्ही माहीत आहे म्हणून धरलंय त्यातच काहीतरी चुकलंय. आम्ही ड उघडला, सळई मारली, स्टाफ (लेव्हल मोजायची पट्टी) जिथे टेकला होता तो तळ नव्हता, गाळ होता, ४० सेंटिमीटर, बाहेर जाणारा पाइप ६०० चा, त्याचा दोन तृतीयांश भाग गाळाखाली. ड ची खरी इन्व्हर्ट ५५०.९५. मग उतार १:५९, क ला ५५१.३९, खोली एक मीटरच्या थोडी वर, कव्हर अर्धा मीटर. आजच्या नियमात हे पण बसत नाही, पण जुन्या गल्लीत असं टाकलेलं असतं, हे पटण्यासारखं आहे.

यातून माझी पद्धत काय ती सांगतो. इंटरपोलेट करा, पण लगेच चार गोष्टी ताडून बघा, पाइप जमिनीच्या वर किंवा फार जवळ येत नाही ना, पाणी उलटं चढत नाही ना, वेग अशक्य येत नाही ना, म्हणजे सेकंदाला ३ मीटरच्या खूप वर किंवा ०.६ च्या खूप खाली, आणि जिथे डाया बदलतो तिथे पाइपचे तळ नाही तर माथे जुळतात का. हे शेवटचं बरेच जण विसरतात, ४५० मधून ६०० मध्ये जाताना इन्व्हर्ट सलग ठेवली तर मोठ्या पाइपमधलं पाणी छोट्यात मागे फुगतं, म्हणून टाकणारा साधारण क्राउन, म्हणजे माथा, जुळवून टाकतो, १५ सेंटिमीटरची पायरी ठेवतो. तुम्ही अंदाज घेताना तीच पायरी ठेवा. आणि वॉर्निंगच्या यादीकडे पण बघा, स्वम स्वतः बऱ्याच गोष्टी गुपचूप सावरून घेतं, उतार शून्य आला की किमान उतार धरतं आणि एका ओळीची वॉर्निंग देतं, डायनॅमिक वेव्ह या गणिताच्या पद्धतीत पाइप उलट्या उताराचा असला तर त्याची दिशा फिरवून घेतं, मॅनहोलची खोली कमी पडली तर वाढवतं. इन्व्हर्टची जागा रिकामी राहिली तर शून्य धरतं, मग पुण्यासारख्या ठिकाणी ५५० मीटर खोल विहीर. ती दिसते तरी, छोट्या चुका दिसत नाहीत.

डायाचा अंदाज. इथे माझं ठाम मत आहे आणि त्यावर माझ्याशी भांडणारे बरेच आहेत. आज तिथे कुठला पाइप लागेल हे काढू नका, त्या वर्षी त्या माणसाने कुठला टाकला असेल हे काढा. उदाहरण घ्या, २.४ हेक्टरचा भाग, एका पाइपला येतो. आजच्या हिशोबाने सी (पावसातला वाहून येणारा हिस्सा) ०.७, पाऊस तासाला ६० मिमी धरला तर रॅशनल पद्धतीने, म्हणजे सी, पाऊस आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराने, ०.२८ घनमीटर प्रति सेकंद, उतार १:२०० असेल तर लागणारा डाया ५०० च्या किंचित वर जातो, म्हणजे ६०० भरणार. आता तीच लाइन जुनी असेल तर? मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिमी पाऊस आणि त्यातलं निम्मंच पाणी वाहून येईल असं धरून केलेली, त्या काळात मोकळी जमीन होती, मुरत होतं. त्या निकषाने हाच भाग ०.०८ च्या आसपास येतो आणि डाया निघतो सव्वातीनशे, म्हणजे ३५० नाहीतर फार तर ४५०. एकाच जागेला दोन उत्तरं, आणि क्षमतेत दोनपट ते चौपट फरक. ब्रिमस्टोवॅड या पावसाळी गटारांच्या अहवालाने १९९३ मध्ये मुंबईसाठी निकष ५० मिमीवर नेला, सी १ धरला, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडल्यावर लोकांना त्याची आठवण झाली, पण जमिनीखालचा प्रत्येक पाइप काही त्यामुळे मोठा झाला नाही. तुम्ही आजचा निकष लावून रिकाम्या जागा भरल्या तर तुमचं मॉडेल असं शहर दाखवेल जिथे सगळी कामं आधीच झालीत.

म्हणून प्रत्येक लाइनला आधी वय लावा. वय पण अंदाजेच लागेल, लेआउट कधी मंजूर झाला, रस्ता डीपीमध्ये (विकास आराखड्यात) कधी रुंद झाला, त्यावरून दशक कळलं तरी पुरे. दशक कळलं की मटेरिअल कळतं, गावठाणात विटांची कमान किंवा दगडी गटार, मग स्टोनवेअर पण ते लहान साइजमध्येच, मग आरसीसी एनपी-२, पुढे त्याहून मजबूत क्लासचा एनपी-३, अलीकडच्या कामात एचडीपीई या प्लास्टिकचे डबल वॉल कॉरुगेटेड. मटेरिअल कळलं की साइजची यादी आपोआप आखडते, आरसीसीत ३००, ३५०, ४००, ४५०, ५००, ६००, ७०० अशाच मिळणार, ५२० नाही. आणि छापील यादीत असली तरी प्रत्येक साइज गावात मिळतेच असं नाही, जवळच्या कारखान्याचे साचे ज्याचे तेच पाइप त्या तालुक्यात सगळीकडे सापडतात, हे स्टोअरकीपरला विचारा.

मग शेजारी. वरचा पाइप ४५० आणि खालचा ६००, मधला रिकामा, तर ४५० ते ६०० मध्ये काहीतरी, इथपर्यंत कुणालाही कळतं. खाली जाताना डाया कमी होत नाही हा नियम पण पुस्तकात आहे. पण भाऊ, हा नियम आंधळेपणाने लावू नका. आपल्याकडे वरचा रस्ता रुंद होतो, तिथे नवीन ९०० टाकतात, आणि बजेट संपलं की तो नेऊन जुन्या ४५० ला जोडतात. पाणी नेमकं तिथेच तुंबतं. त्या ४५० ची नोंद नसेल आणि तुमच्या स्क्रिप्टने तिथे इमानदारीत ९०० भरला, तर ज्या जागेसाठी हे मॉडेल करायला सांगितलं तीच जागा तुम्ही मॉडेलमधून पुसून टाकली. म्हणून तक्रारींचं रजिस्टर आधी घ्या, जिथे दरवर्षी पाणी साचतं त्याच्या वर-खाली प्रत्येकी पाच-सहा पाइपांपर्यंत कुठलाच नियम लावून डाया भरायचा नाही, तिथे जाऊन झाकण उघडायचं. बाकी गावात नियम लावा.

मशीन लर्निंगचं पण विचारतात हल्ली, रँडम फॉरेस्ट लावू का, जमिनीची लेव्हल, वय, पाणलोट दिलं की डाया सांगतो म्हणे. लावा, हरकत नाही, मी पण लावलाय. पण एक विचार करा की कुठला डेटा हरवलाय. नवीन रुंद रस्त्यांचा डेटा आहे, कारण त्याची कॅड फाइल आहे, हरवलाय तो गावठाणाचा आणि पेठांचा. मॉडेल शिकणार नवीन रस्त्यांवर आणि उत्तर देणार जुन्या बोळांची, साहजिकच डाया मोठे सांगणार. तपासताना पण तीच चूक होते, माहीत असलेल्यातले १० टक्के इकडून तिकडून झाकतात, अंदाज बरोबर येतो, टाळ्या. अहो, झाकलेल्या पाइपच्या दोन्ही बाजूचे पाइप समोर दिसतायत, बरोबर येणारच. झाकायचं तर एक अख्खी पेठ झाका आणि मग बघा. क्रिगिंगचं, म्हणजे जवळच्या जागांवरून अंदाज काढायच्या पद्धतीचं, पण तसंच, ते हवेतलं अंतर मोजतं, पाइप मात्र नाल्याच्या पलीकडे पाच मीटरवर असला तरी दुसऱ्याच नेटवर्कचा असतो.

बाय द वे, हे दुखणं फक्त आपलंच आहे असं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०११ ला खासगी मालकीची गटारं कायद्याने वॉटर कंपन्यांकडे आली आणि त्यातल्या बऱ्याचशांचा नकाशाच नव्हता. तिकडे लोक इन्फोवर्क्स हे सॉफ्टवेअर वापरतात, त्यात प्रत्येक आकड्याला फ्लॅग लावता येतो, हा सर्व्हेचा, हा ड्रॉइंगचा, हा गृहीत धरलेला, आणि रिकाम्या जागा नियमाने भरून देणारं टूल पण आहे. मला त्यातलं टूल नाही, फ्लॅगच जास्त आवडला. माझी सवय जी म्हणालो ती हीच. स्वममध्ये तशी सोय नसली तरी टॅगचा रकाना आहे, तो वापरा, आणि मूळ तक्त्यात प्रत्येक आकड्याशेजारी दोन रकाने ठेवा, कुठून आला आणि किती भरवसा. मी अ ब क लावतो, अ म्हणजे डोळ्यांनी बघितलेला, ब म्हणजे कागदावरचा, क म्हणजे माझा अंदाज. डायाला वेगळा, इन्व्हर्टला वेगळा, कारण एकाच पाइपचा डाया अ आणि लेव्हल क असू शकते. रिपोर्टमध्ये नकाशा छापताना क वाले पाइप तुटक रेषेने दाखवा. क्लायंटला आवडत नाही, म्हणतात इतकी तुटक रेषा बरी दिसत नाही, तरी दाखवा.

आणि हे क वाले सगळे मोजायची गरज नसतेच. प्रत्येक क ला तीन किमती द्या, कमीत कमी, बहुधा असणारी, जास्तीत जास्त. डायाला एक साइज खाली एक साइज वर, इन्व्हर्टला पंधरा-वीस सेंटिमीटर इकडे तिकडे. मग शे-दोनशे रन लावा, प्रत्येक रनमध्ये या किमती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडायच्या, लॅपटॉपवर रात्रभरात होतात. सकाळी बघायचं की ज्या आठ-दहा चौकांबद्दल उत्तर द्यायचंय तिथलं पाणी कुठल्या पाइपमुळे वरखाली होतंय. माझा अनुभव असा की शेकडो रिकाम्या पाइपांपैकी मोजके तीस-चाळीसच खरे खेळाडू असतात, बाकीचे काहीही धरा, चौकातलं पाणी तेवढंच राहतं. वरच्या टोकाचे, एका सोसायटीचं पाणी आणणारे पाइप तर सोडूनच द्या, किमान साइज धरा आणि विषय संपवा. आउटफॉलची लेव्हल मात्र कधीच अंदाजाने नको. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला तसा नाला भरून वाहत असला की त्यात सुटणाऱ्या पाइपचं तोंड बुडतं आणि मग डाया कितीही असो पाणी मागे येतं, मुंबईत तेच काम भरती करते. तिथे लेव्हल अर्धा मीटर चुकली तर वरच्या सगळ्या हिशोबाला अर्थ नाही.

तीस-चाळीस मॅनहोल म्हणजे चार-पाच दिवसांचं काम, दोन माणसं, ऑटो लेव्हल, स्टाफ, सळई, टॉर्च आणि झाकण उचलायचे हुक. यासाठी सर्व्हेला पैसे नाहीत असं कुणी म्हणत नाही, अख्ख्या गावाच्या सर्व्हेला नसतात. आत कुणालाही उतरवायचं नाही, हे परत परत सांगतो, गॅसने माणसं जातात, आणि हाताने मैला काढण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सफाईसाठीही सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवता येत नाही. सगळं वरून होतं. झाकण काढून थोडा वेळ सोडा, स्टाफ टाकून गाळाची लेव्हल घ्या, मग सळई दाबून कडक तळ लागेपर्यंत न्या, दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा, कारण गाळाची जाडी मॉडेलला वेगळी लागते. डायासाठी बांबूच्या टोकाला काटकोनात पट्टी बांधायची, ती पाइपच्या तोंडात सरकवून वरचा माथा आणि खालचा तळ मोजायचा, माथा नेहमी पक्का मिळतो, तळ गाळात असला तर माथ्यावरून स्टँडर्ड साइज ओळखता येते. मोबाइल काठीला बांधून व्हिडिओ काढा, आत येणारे पाइप किती आणि कुठल्या दिशेने हे त्यात दिसतं, निम्म्या वेळा नकाशात नसलेला एखादा पाइप सापडतोच, कुणीतरी रातोरात जोडलेला.

एक शेवटची चूक सांगतो जी हुशार लोक करतात. मोजलेलं पाणी आणि मॉडेलचं पाणी जुळत नाही म्हणून क वाले डाया हलवत बसतात, ४५० चा ३५० केला की जुळलं, झालं कॅलिब्रेशन. असं करू नका. आधी पाणलोटाची सीमा, मग न मुरणाऱ्या जमिनीची टक्केवारी, मग गाळ. डायाला हात लावावाच लागला तर ती त्या मॅनहोलवर जाऊन बघायची चिठ्ठी समजा, उत्तर नाही.

तुमच्या बाबतीत म्हणाल तर दोन महिन्यांपैकी पहिला आठवडा जोडणीला, दुसरा एमबी आणि मुकादमाला, तिसऱ्यात वय-मटेरिअल लावून रिकाम्या जागा भरा आणि रात्रीचे रन लावा, चौथ्यात झाकणं उघडा. आणि ती झाकणं मे संपायच्या आत उघडा. पहिला पाऊस पडून गेला की चेंबरात पाणी राहतं, आणि मग सळई गाळाला लागतेय की तळाला हे वरून कुणाच्या बापाला कळत नाही.